मासामुने, मुरामासा आणि मुठीत दडलेली सही

मासामुने आणि मुरामासा या दोन लोहारांची पैज लागते. दोघं आपापली तलवार वाहत्या ओढ्यात रोवतात, धार प्रवाहाकडे. मुरामासाचं पातं वाहत आलेलं प्रत्येक पान, प्रत्येक मासोळी चिरत सुटतं. मासामुनेच्या पात्याजवळ आलेली पानं मात्र बाजूने निघून जातात, एकही कापलं जात नाही. काठावर बसलेला भिक्षू निकाल देतो: पहिली तलवार रक्ताला हपापलेली, दुसरीला कुणाला कापायचं आणि कुणाला नाही याची जाण आहे. जपानी तलवारींचा विषय निघाला की ही गोष्ट निघतेच.

गोष्ट सुरेख आहे, पण घडलेली नाही. मासामुने सागामी प्रांतातल्या कामाकुराचा. तेराव्या शतकाची अखेर आणि चौदाव्याची सुरुवात हा त्याचा काळ. मुरामासा इसे प्रांतातल्या कुवाना गावचा, १५००च्या आसपासचा. मधे दोनशे वर्षं. नरसीच्या नामदेवांना आणि पैठणच्या एकनाथांना एकाच कीर्तनात समोरासमोर उभं करण्यासारखं हे आहे.

एवढ्या खात्रीने काळ सांगता येतो, कारण जपानी तलवारीचा पत्ता तिच्या मुठीत असतो. आपल्याकडच्या तलवारीचं मुठीत जाणारं शेपूट आखूड असतं आणि ते राळेने पक्कं बसवलेलं असतं, त्यामुळे मूठ सहसा कुणी काढत नाही. जपानी पात्याचं शेपूट, म्हणजे नाकागो, वीसेक सेंटिमीटर लांब असतं. लाकडी मूठ त्यावर एका बांबूच्या खुंटीने अडकवलेली असते. या खुंटीला मेकुगी म्हणतात. ती ठोकून बाहेर काढली की मूठ निघते आणि आत लोहाराची सही दिसते. पुष्कळदा गावाचं नाव असतं, मागच्या बाजूला साल आणि महिनाही असतो. एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) काही पात्यांवर तर ते किती मृतदेहांवर चालवून तपासलं हेसुद्धा सोन्याने भरून लिहिलेलं सापडतं.

सही कुठल्या बाजूला आहे, यावरूनही बरंच कळतं. जुनी ताची धार खाली ठेवून कमरेला टांगायचे, नंतरची कताना धार वर ठेवून पट्ट्यात खोचायचे. दोन्हींत सही साधारणपणे अंगापासून बाहेरच्या बाजूला येईल अशी कोरत. म्हणून मूठ उतरवून पातं हातात धरलं की सहीच्या बाजूवरून ते मुळात कसं वापरायला घडवलं होतं याचा अंदाज बांधता येतो. त्याशिवाय शेपटावरच्या कानसीच्या रेघांची तिरकस, आडवी किंवा पिसासारखी ठेवण, खुंटीच्या भोकांची संख्या आणि गंजाचा रंग हेही बघतात. जुना गंज काळपट आणि गुळगुळीत असतो. तांबूस, हाताला लागणारा गंज दिसला तर तो नवा किंवा मुद्दाम चढवलेला समजावा.

आता मासामुनेची पंचाईत. त्याची सही असलेली पाती अगदी मोजकी, आणि तीही बहुतेक आखूड कट्यारी. त्याच्या नावावरच्या लांब तलवारी जवळजवळ सगळ्या बिनसहीच्या. पुढच्या काळात लढाईची पद्धत बदलली तेव्हा लांब ताची आखूड करून घेतल्या गेल्या. आखूड करताना टोक आणि धार यांना हात लावत नाहीत, शेपटाकडून कापतात, आणि सही तिथेच असते. म्हणजे तलवार जितकी जास्त वापरात राहिली तितकी तिची सही जाण्याची शक्यता जास्त. मग ती कुणाची हे ठरवायचं काम होन्आमी घराण्याकडे आलं. पातं पारखायचं आणि घासून उजळायचं हा त्यांचा पिढीजात धंदा. शोगुन (लष्करी राज्यकर्ता) योशिमुनेच्या आज्ञेवरून १७१९ मध्ये त्यांनी नामांकित तलवारींची यादी केली, तिच्यात मासामुनेचं नाव ठळक आहे. या यादीला मी मान देतो, पण ती पारख आहे, जन्मदाखला नाही.

मासामुनेच्या तलवारींतली सगळ्यात गाजलेली होन्जो मासामुने. होन्जो शिगेनागा या सरदाराचं शिरस्त्राण तिने फोडलं, तो वाचला आणि त्यानेच ती जिंकून घेतली, म्हणून हे नाव. पुढे ती तोकुगावा या शोगुनांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. डिसेंबर १९४५ मध्ये, शस्त्रं जमा करण्याच्या हुकमानंतर, ती तोक्योच्या मेजिरो पोलीस ठाण्यात दिली गेली. त्यानंतर तिचा ठावठिकाणा नाही.

मुरामासाच्या शापाचाही असाच हिशेब लागतो. या घराण्याचा पहिला शोगुन तोकुगावा इएयासु, त्याच्या आजोबांना १५३५ मध्ये त्यांच्याच माणसाने मारलं ते मुरामासाच्या तलवारीने. इएयासुच्या मुलाला पोट चिरून घ्यायला लागलं तेव्हा मान उडवणारी तलवारही मुरामासाचीच, असं सांगतात. एवढ्यावरून ती तोकुगावांच्या जिवावर उठलेली तलवार ठरली. पण नकाशा बघा. कुवाना आणि तोकुगावांचा मिकावा प्रांत एकाच उपसागराच्या दोन अंगांना आहेत. मिकावाच्या शिपायांच्या कमरेला कुवानाचीच पाती जास्त असणार, मग घात कुणीही केला तरी हत्यार त्याच पेठेतलं निघणार. खुद्द इएयासुकडे मुरामासाची तलवार होती आणि ती ओवारीच्या तोकुगावा शाखेने जपून ठेवली. शापाची हवा नंतर एदोच्या नाटकांनी वाढवली. तोकुगावा सत्ता उलथवायला निघालेल्यांना मग मुरामासाच हवी झाली, मागणी वाढली आणि खोट्या सह्याही वाढल्या.

दंतकथा नावांत आणि सालांत चुकतात. काम नेमकं कुठे अवघड आहे ते मात्र त्या अचूक सांगतात. सानजो मुनेचिकाची कथा घ्या. सम्राट इचिजोने तलवार घडवायची आज्ञा दिली, पण मुनेचिकाकडे तोडीस तोड घण मारणारा नव्हता. तो इनारी देवाच्या देवळात गेला. कोल्ह्याच्या रूपातला देव स्वतः ऐरणीसमोर उभा राहिला, त्याने घण मारला आणि ‘कोगित्सुनेमारु’ म्हणजे कोल्ह्याच्या पिलाची तलवार तयार झाली. तुळजापूरच्या भवानीने दिलेल्या तलवारीची कथा ऐकत वाढलेल्यांना पात्यावर देवाचा हात ही कल्पना परकी वाटणार नाही. पण कथेतली अडचण बघा: माणूस कमी पडला. उस्ताद एका हाताने सांडशी धरतो, दुसऱ्या हातातल्या लहान हातोड्याने जागा दाखवतो. जोर लावतात ते समोरचे घणवाले. आठवडी बाजारात पाल टाकून बसणाऱ्या घिसाड्याच्या भट्टीपुढे घण मारणारी त्याची बायको ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. घण तिरका बसला तर थर सरकतो, ठोका उशिरा आला तर लोखंड गार होतं.

मुळात लोखंड कुठून येतं, तिथेही एक कथा बसली आहे. सुसानो देवाने इझुमोत हिई नदीकाठी आठ डोक्यांचा नाग मारला आणि त्याच्या शेपटीतून कुसानागी ही तलवार निघाली. इझुमो म्हणजे आजचा शिमाने प्रांत, आणि हिईचं खोरं हे काळ्या लोहवाळूचं खोरं. आजही तलवारीचं पोलाद मुख्यतः तिथल्याच ओकुइझुमोत, मातीच्या तातारा भट्टीत करतात. जपानी तलवार जतन संस्थेने ती भट्टी १९७७ मध्ये पुन्हा पेटवली. तीन दिवस तीन रात्री भाता चालतो. थोड्या थोड्या वेळाने लोहवाळू आणि कोळसा आलटून पालटून टाकतात. एका भट्टीला सुमारे १० टन वाळू आणि १२ टन कोळसा लागतो. शेवटी भट्टी फोडून अडीच टनांचा गोळा बाहेर ओढतात, आणि त्यातून तामाहागाने, म्हणजे तलवारीजोगं पोलाद, निघतं जेमतेम एक टन किंवा त्याहून कमी. धातू इथे पूर्ण वितळत नाही. म्हणून गोळ्यात मळी अडकलेली असते आणि कार्बन एका जागी दीड टक्का, तर दुसऱ्या जागी अर्धा.

पोलादाला घड्या घालतात त्या यासाठी. घडी म्हणजे काही जादू नाही, तो कच्च्या मालाच्या दोषावरचा इलाज आहे. आधी तुकडे तापवून पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या चकत्या ठोकतात आणि पाण्यात बुडवतात. फोडल्यावर जी काचेसारखी तुटते तिच्यात कार्बन जास्त, जी वाकते तिच्यात कमी. निवडलेले तुकडे एका पट्टीवर रचून ओल्या कागदात गुंडाळतात, गवताची राख आणि मातीचा कालवलेला लेप चढवतात, आणि सुमारे १३०० अंशांपर्यंत तापवून सांधतात. हा लेप विसरला किंवा अपुरा पडला तर पोलाद हवेत जळतं आणि सांध्यात खवले अडकतात. पुढे घासताना तिथे फोड उठतो. घड्या साधारण दहा ते पंधरा. पंधरा घड्यांचे ३२,७६८ थर होतात, म्हणून ‘लाखो थर’ वगैरे ऐकलं की सोडून द्यावं. प्रत्येक घडीला वजन घटतं आणि कार्बनही घटतो. घड्या जास्त झाल्या तर पातं मऊ पडतं.

याच्या उलट रीत आपल्या शेजारी होती. नांदेडच्या पूर्वेला हद्दीपलीकडे निर्मल आणि कोनासमुद्रम्, म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातच, मुशीत बंद करून पोलाद पूर्ण वितळवत. इराणचे व्यापारी एकोणिसाव्या शतकापर्यंत ते घ्यायला कोनासमुद्रमला येऊन राहत. वितळल्यामुळे मळी वर यायची, कार्बन सगळीकडे सारखा व्हायचा, त्यामुळे घड्यांची गरजच नव्हती. त्या पात्यांवरची पाण्याच्या लाटांसारखी नक्षी पोलाद थिजतानाची आहे, जपानी पात्यावरची लाकडाच्या रेषांसारखी नक्षी घड्यांची. दोन्हींना सरसकट ‘दमास्कस’ म्हणणाऱ्या जाहिराती वाचल्या की चीड येते.

घड्यांच्या कडक पोलादाच्या आवरणात कमी कार्बनचा मऊ गाभा घालतात, लांब पट्टी ओढतात, आकार देतात. आणि मग येतं पाणी देणं. सगळी मेहनत इथे एका क्षणावर येऊन ठेपते.

माती, कोळशाची भुकटी आणि धार लावायच्या दगडाची भुकटी पाण्यात कालवून लेप करतात. पाठीवर तो जाड, धारेवर पातळ. पूर्ण वाळू देतात. ओल राहिली तर तापताना लेप उडतो आणि त्या जागी पाणी चुकतं. भट्टीजवळ अंधार करतात, कारण तापमान डोळ्यांनीच मोजायचं असतं: ७५० ते ८०० अंश, शेपटापासून टोकापर्यंत एकाच लालीचं. टोक पातळ असल्याने आधी तापतं, म्हणून पातं सतत पुढे-मागे सरकवत राहतात. मग एकदम पाण्याच्या हौदात. धार झटक्यात गार होऊन काचेसारखी कडक होते आणि फुगते, पाठ सावकाश गार होऊन मऊ राहते. या ओढाताणीत पातं पाठीकडे वाकतं. तलवारीची कमान बरीचशी इथे येते, म्हणून लोहार आधी ती कमी ठेवतो. कडक आणि मऊ भागांच्या सीमेवर जी पांढुरकी रेघ उमटते ती हामोन.

लाली जास्त झाली तर पोलादाचे कण मोठे होतात आणि पातं तडकतं. कमी झाली तर धारच चढत नाही. पाणी फार गार असलं तरी तडा जातो. धारेला आडवा गेलेला तडा, हागिरे, केसाएवढा असला तरी तलवार संपली. तो घासून जात नाही, घाव बसला की तिथेच तुटते. पाणी चुकलं पण तडा गेला नाही तर पातं पुन्हा तापवता येतं. पण दर वेळी कार्बन जातो, म्हणून हे फार वेळा जमत नाही. पाण्याची ऊब किती हे चोरून कळावं म्हणून हौदात हात बुडवणाऱ्या शिष्याचा हात उस्तादाने तिथेच छाटला, अशी एक कथा आहे. ती खरी असायची गरज नाही, पण गुपित भट्टीत नव्हतं, हौदात होतं, हे ती बरोबर सांगते.

१९४५ मध्ये ब्रह्मदेशात आणि मलायात शरण आलेल्या जपानी अधिकाऱ्यांच्या तलवारी भारतीय पलटणींच्या हाती आल्या. म्हणून जुन्या फौजी घरात अशी एखादी निघू शकते. खंडेनवमीला ती चिंच, लिंबू, राख किंवा पॉलिश पेपर लावून लखलखीत करू नका. आम्लाने हामोन मरतो आणि नाकागोचा गंज खरवडला तर वयाचा पुरावाच जातो. पात्याला बोट लावू नये, घामातल्या मिठाने पावसाळ्यात दोन-चार दिवसांत डाग पडतो. मऊ सुती कापडाने पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवला की पुरे. नाकागो तसाच ठेवा.

बघायचं असेल तर धार वर आणि टोक अंगापासून दूर ठेवून पातं सरळ म्यानातून काढा. मेकुगी जाडीला एका बाजूने कमी असते, त्या बारीक बाजूने लाकडी काडीने ठोकून ती बाहेर ढकला. मग मूठ डाव्या हातात धरून पातं तिरकं उभं करा आणि उजव्या मुठीने डाव्या मनगटावर हलके ठोके द्या, पातं आपोआप सुटं होतं. खुंटीऐवजी स्क्रू असेल, मूठ रंगवलेल्या अॅल्युमिनियमची असेल आणि पात्यावर आकडे ठोकलेले असतील, तर ती हवालदार वगैरेंना दिलेली यंत्रावरची तलवार. नाकागोवर सहीबरोबर छोटा शिक्का मारलेला असेल तर ती बहुधा युद्धकाळात घाऊक बनवलेली. शिक्का नाही, गंज काळा आणि गुळगुळीत, भोकं दोन किंवा तीन असतील, तर फौजी मुठीत एखाद्या घराण्याचं जुनं पातं बसवलेलं असू शकतं. अशा वेळी नाकागोच्या दोन्ही बाजूंचे तिरप्या उजेडात सरळ वरून फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. सही मासामुनेची निघाली, तर आधी ती खोटीच धरून चाला.