पावसाळ्यात डे-लिलीचे रोप का देत नाही?

तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहिते. मृगाचा पाऊस पडला की आमच्या फाटकाशी गाड्या थांबू लागतात आणि जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न करतो : "अवो ताई, आभाळ भरून आलं अन् तुम्ही रोपं नाही म्हणून रायल्या?" प्रश्न रास्त आहे. आमचे गाव वरुड तालुक्यात, संत्र्याच्या कलमांच्या मुलखात. इथल्या रोपवाटिकांची कमाई जुलै-ऑगस्टात होते, आणि आमच्या घरची संत्र्याची रोपवाटिकाही त्याला अपवाद नाही. एकाच कुंपणाच्या आत मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, कलमे भर पावसात गाडीत चढत असावीत आणि शेजारच्या अर्ध्या एकरात मी डे-लिली या फुलझाडाच्या ठोंबाला कुणाला हातही लावू देऊ नये, हे पाहणाऱ्याला विचित्र वाटणारच.

कारण त्या झाडाच्या ठेवणीत आहे. नावात लिली असली तरी ही खरी लिली नव्हे. खऱ्या लिलीला कांदा असतो, हिला नसतो. हिची मांसल, पाणी साठवणारी मुळे आणि वरचा पानांचा पंखा जिथे जुळतात तिथे एक पांढरट गाभा असतो, आणि झाडाचा सारा जीव त्या गाभ्यात असतो. बियांपासून वाढवलेले रोप आईसारखे निघत नाही, म्हणून हवा तोच वाण द्यायचा तर जुना ठोंब उपटून फोडावाच लागतो, आणि फोडला की गाभ्याला जखम होते. दिवाळीच्या सुमाराच्या कोरड्या हवेत ती जखम सावलीत एक-दोन दिवसांत सुकते. जुलैत मात्र हवा उबदार आणि दमट असते, आणि आपली काळी माती फुगून पाणी धरून बसते. अशा मातीत उघडी जखम गेली की गाभा कुजतो. संत्र्याचे कलम मातीच्या गोळ्यासह किंवा पिशवीसह जाते, त्याच्या मुळांना फारसा धक्का लागत नाही, म्हणून त्याला पाऊस मानवतो.

हे शहाणपण मला आधीपासून नव्हते. तिसऱ्या वर्षी गिऱ्हाइकांच्या आग्रहाला भुलून मी जुलैत ६० ठोंब फोडून विकले. पोळ्यापर्यंत निम्म्याहून अधिक मेल्याचे कळले. एक गृहस्थ तर मेलेली रोपे पिशवीत घालून घेऊन आले, आणि ती पिशवी ओसरीवर उघडल्यावर सडलेल्या बटाट्यासारखा जो वास सुटला, तो मला अजून आठवतो. पैसे परत केले, थंडीत नवी रोपे दिली, आणि त्या वर्षी डे-लिलीचा एक रुपयाही घरात आला नाही.

मामाजींना पटवणे त्याहून अवघड गेले. विकायच्या दिवसांत सून गिऱ्हाईक परत पाठवते, हा त्यांचा राग होता. शेवटी त्यांच्याच कामातला दाखला उपयोगी पडला. जंबेरी या रानलिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरताना ते जमिनीपासून वीतभर उंची सोडतात, कारण जोड ओल्या मातीला टेकला की फायटोप्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू शिरतो आणि पुढे डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, होतो. डे-लिलीचा गाभा मुळातच मातीलगत असतो, आणि तो चाकूने उघडा करून लोकांना चिखलात लावायला द्यायचा का, असे मी विचारले तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझे सगळे गादीवाफे त्यांनी उभे राहून फूटभर उंच करून घेतले.

"आमच्या आजीने केशरी लिली पावसातच लावली होती, ती तर गल्लीभर पसरली," असे कुणी म्हटले की मी वाद घालत नाही. ती जुनी केशरी जात त्रिगुणित आहे, म्हणजे तिच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे तिला बी धरत नाही, पण जमिनीखालून फुटवे टाकत ती कुठेही तग धरते. नव्या संकरित वाणांकडून तेवढ्या चिवटपणाची अपेक्षा करू नये. असे नोंदणी झालेले वाण जगात ८०,००० हून अधिक आहेत; आमच्याकडे त्यांतले ४० आहेत, आणि तेही बहुतेक सदाहरित, कारण ज्या वाणांना कडक थंडीतल्या झोपेची गरज असते ते आमच्या डिसेंबरात नीट झोपतच नाहीत.

दाखवायची बाग आम्ही याच अडचणीतून केली. फुले पाहायचे दिवस आणि रोप उपटायचे दिवस वेगळे असल्यामुळे लोकांनी एप्रिलमध्ये सकाळी आठच्या आत यावे, वाफ्यातला क्रमांक वहीत लिहून जावा आणि कोजागिरीनंतर रोप न्यावे, अशी आमची रीत आहे. एक फूल एकच दिवस टिकते. ग्रीकमधून आलेल्या हेमेरोकॅलिस या नावाचा अर्थही दिवसाचे सौंदर्य असाच आहे. पण इकडच्या उन्हात गडद लाल आणि जांभळी फुले तेवढाही दिवस काढत नाहीत, दुपारी ती उकडल्यासारखी होतात. छायाचित्रावर भुलून गडद रंग मागणाऱ्यांना मी मुद्दाम बारा वाजेपर्यंत थांबवून घेते. त्यांतले पुष्कळ जण पिवळ्याची नोंद करून जातात.

कुंडीत आधीच मूळ धरलेली थोडी रोपे मी पावसाळ्यातही देते, पण ती मोजकीच असतात.

तरीही कुणी तुम्हाला भर पावसात फोडलेला ठोंब भेट दिलाच, तर तो लगेच जमिनीत लावू नका. पाने वीतभर ठेवून कापा, मुळे धुऊन दोन दिवस वऱ्हांड्यात कागदावर पसरा आणि मग वाळू मिसळलेल्या मातीच्या कुंडीत, गाभ्यावर इंचभरापेक्षा जास्त माती येणार नाही असे लावून ती कुंडी वळचणीपासून दूर, छपराखाली ठेवा. मधून कोवळे पान वर आले तर रोप लागले. हलके ओढताच पाने हातात आली आणि बुडाला आंबूस वास असला, तर ते मातीसकट फेकून द्या आणि कुंडी उन्हात चांगली तापवल्याशिवाय पुन्हा वापरू नका.