भिंतीवरचं अमूर्त

घोड्याचं चित्र छापताना कितीही लहान केलं तरी घोडा घोडाच राहतो. अमूर्त चित्राला, म्हणजे ज्यात ओळखीची वस्तूच नसते त्याला, ही सोय नाही. तिथे आकारमान, रंग आणि पृष्ठभाग हाच काय तो ऐवज. त्यातलं थोडंसं इकडचं तिकडे झालं की चित्रच वेगळं होतं. थोडक्यात, ज्याची नक्कल सर्वात अवघड तेच नेमकं छापून घ्यायचं. आणि तरीही भिंतीसाठी प्रिंट निवडायची वेळ आली की माझा हात त्याच गठ्ठ्याकडे जातो.

कारण फार उदात्त वगैरे नाही. निसर्गदृश्य थोड्या दिवसांत पाठ होतं. व्यक्तिचित्रातला माणूस आपण जेवत असताना टक लावून बघत बसतो. अमूर्त चित्र आपल्या वाटेला जात नाही. शिवाय सोफ्याशी जुळतं. चित्रकारांना काय वाटायचं ते वाटो, उशांच्या अभ्र्यांवरून चित्र ठरवणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांची घरं छान दिसतात.

‘म्युझियम क्वालिटी’ हे बिरूद कुणीही लावून घेऊ शकतो, पण त्याच्यामागे काही खऱ्या गोष्टीही असतात. कागद कापसाच्या तंतूंचा आणि आम्लमुक्त हवा. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन शिल्लक राहिलं की कागद रद्दीसारखा पिवळा पडत जातो. शाई पिगमेंटची हवी, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेली. साध्या डायच्या, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या शाईपेक्षा ती उजेडाला जास्त दिवस तोंड देते. आणि चित्राभोवतीचा माउंट, म्हणजे फ्रेमच्या आतली पुठ्ठ्याची चौकट, तीही आम्लमुक्त हवी. तिथे काटकसर केली तर उत्तम कागदाच्या कडेनेसुद्धा काही वर्षांनी तपकिरी रेघ उमटते. ही रेघ मी पाहिली आहे. चहाच्या डागासारखी दिसते आणि पुसता येत नाही.

एवढं सगळं करूनही काही चित्रं हाती लागत नाहीतच. फ्रेंच चित्रकार ईव्ह क्लाइनचा निळा घ्या. अल्ट्रामरीन या गडद निळ्या रंगाची पूड त्याने अशा रेझिनमध्ये, म्हणजे राळेसारख्या चिकट द्रवात धरली, की वाळल्यावरही तिचा कोरडा, मखमली भुरभुरीतपणा जात नाही. शाया मिसळून त्याच्या आसपास जाता येतं, तिथे पोचता येत नाही. चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरायची बोथट सुरी) घेऊन थरावर थर चढवत, मग काही खरवडून काढत. छापताना ते सगळे थर एका पातळीवर येऊन झोपतात. काळ्या सरळ रेघा आणि रंगीत चौकोन मांडणाऱ्या डच चित्रकार माँद्रियानचं प्रकरण उलटं आहे. प्रिंटमध्ये तो दुकानाच्या पाटीइतका स्वच्छ दिसतो, आणि नुसती प्रिंटच पाहिलेल्या माणसाला वाटतं, यात काय, पट्टी आणि थोडा रंग! मूळ चित्राजवळ गेलं की कळतं, पांढऱ्या चौकोनांतसुद्धा ब्रशच्या खुणा आहेत आणि काळ्या रेघांना बारीक भेगा पडल्या आहेत. छपाईने त्याला उगाचच इस्त्री केलेली असते.

यावर बाजाराने काढलेला तोडगा म्हणजे कॅनव्हासवरची प्रिंट. वर पारदर्शक जेल फासून ‘ब्रशस्ट्रोक’ उठवलेले. हे मला अजिबात सहन होत नाही. खाली छापलेला रंग वरून खाली ओढलेला आणि वरच्या जेलचे फटकारे आडवे. तिरप्या उजेडात दोघांचं भांडण स्पष्ट दिसतं. त्यापेक्षा कागदावरची, चारी बाजूंनी पांढरी किनार सोडलेली प्रिंट बरी. मी छापील आहे, हे ती लपवत नाही.

आकारमानाचंही तसंच. स्वीडिश चित्रकार हिल्मा आफ क्लिंटची १९०७ सालची ‘टेन लार्जेस्ट’ मालिका तीन मीटरहून उंच आहे. तिच्यापुढे माणूस खुजा वाटतो. तीच वितभर करून टांगली की शुभेच्छापत्र होते. मोठं चित्र काढताना आपण त्याच्या आतच असतो, असं अमेरिकन चित्रकार मार्क रॉथ्को म्हणत असे. वितभर प्रिंटच्या आत शिरणार कसं? म्हणून मी जन्मतःच लहान असलेली चित्रं शोधतो. चित्रकार पॉल क्लेची कागदावरची कितीतरी जलरंग चित्रं वहीच्या पानाएवढीच आहेत. कागदाचं चित्र कागदावर, तेवढ्याच मापात. इथे प्रिंटला फारसं खोटं बोलावं लागत नाही.

पाहुणे विचारतात, “हे उलटं तर नाही ना लागलं?” प्रश्न रास्त आहे. माँद्रियानचं १९४१ मधलं रंगीत चिकटपट्ट्यांचं ‘न्यूयॉर्क सिटी १’ हे चित्र अनेक दशकं उलटं टांगलेलं असावं, असं २०२२ मध्ये ते जपणाऱ्या जर्मनीतल्या संग्रहालयानेच जाहीर केलं. आणि ते सरळ केलं का? नाही. जुन्या पट्ट्या निसटतील म्हणून तसंच ठेवलं. घरच्या प्रिंटला ती भीती नाही. कंटाळा आला की फिरवून लावावी. मी एक लावली होती, खालचा जड काळा पट्टा वर गेला आणि खोलीचं छतच खाली आल्यासारखं वाटायला लागलं.

रॉथ्कोनेच हार्वर्ड विद्यापीठाच्या एका भोजनकक्षासाठी भली मोठी चित्रं केली. १९६४ मध्ये ती तिथे लागली. त्यातला लिथॉल रेड हा लाल रंग उजेडाला कच्चा निघाला. खिडक्यांतून येणाऱ्या उन्हाने किरमिजी रंग काही ठिकाणी चक्क फिकट निळा झाला आणि १९७९ मध्ये चित्रं गोदामात गेली. वरून रंगवणं शक्य नव्हतं. मग २०१४ च्या प्रदर्शनात जुन्या छायाचित्रांवरून हिशेब करून प्रोजेक्टरने त्यांच्यावर हरवलेला रंग नुसता उजेडाच्या रूपाने टाकला. रोज दुपारी चारला प्रोजेक्टर बंद करत, तेव्हा समोर उरे ती विटलेली मूळ चित्रं.

माझी लाल प्रिंट खिडकीपासून लांब आहे. तरी विटलीच, तर नवी छापून आणता येईल; संग्रहालयाला ही चैन परवडत नाही. फक्त तोवर डोळ्यांना विटलेल्या लालचीच सवय झालेली असणार, आणि नवी प्रिंट भिंतीवर चढली की घरातलं कुणीतरी हमखास म्हणेल, “रंग चुकीचा आलाय, परत कर.”