तुम्ही विचारलंत म्हणून: पोटातला फुगा कमी-जास्त कशाला करायचा?

वजन उतरवण्यासाठी जठरात फुगा बसवून घ्यायच्या विचारात असलेली माणसं हमखास विचारतात, "साधा फुगा मिळत असताना पाणी कमी-जास्त करता येणाऱ्या फुग्यासाठी जादा पैसे का मोजायचे?"

कारण साधा फुगा पहिल्या आठवड्यात फार मोठा वाटतो आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात फार लहान. सुरुवातीला जठर त्याला बाहेर ढकलू पाहतं, म्हणून उलट्या आणि कळा. पुढे जठराला त्याची सवय होते, भूक परत लागते आणि काटा हलेनासा होतो. 1987 साली फ्लोरिडातल्या टार्पन स्प्रिंग्जला तज्ज्ञांनी चांगल्या फुग्याचे निकष ठरवले, त्यात तो गुळगुळीत असावा, द्रवाने भरलेला असावा आणि लहान-मोठा करता यावा, असं होतं. शेवटचं जमायला बराच काळ गेला. असा कमी-जास्त करता येणाऱ्या स्पॅट्झ-3 या फुग्याला अमेरिकेच्या एफडीएची (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेची) मान्यता 2021 मध्ये मिळाली. तिथे तो 8 महिने ठेवतात, इतर बऱ्याच देशांत 12.

बसवणं हा त्यातला सोपा भाग. गुंगी देऊन एंडोस्कोपीने, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून, रिकामा सिलिकॉनचा फुगा जठरात उतरवतात आणि साधारण 400 ते 550 मिलिलिटर सलाइन भरतात. सलाइनमध्ये मिथिलीन ब्लू नावाचा रंग घालतात, तो पहारेकरी म्हणून. फुगा गळू लागला की रंग रक्तातून लघवीत उतरतो. लघवी हिरवी-निळी दिसली तर सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. रिकामा झालेला फुगा पुढे सरकून आतड्यात अडकला तर ऑपरेशनची वेळ येते.

कमी-जास्त करायचं ते असं: फुग्याला एक लवचिक नळी असते, एरवी ती जठरातच राहते. पुन्हा एंडोस्कोपी करून ती नळी पकडायची, तिचं टोक तोंडातून बाहेर ओढायचं, फुगा मात्र आतच. सिरिंजने पाणी काढायचं किंवा भरायचं, टोक बंद करायचं आणि नळी परत आत सोडायची. म्हणजे ही काही ओपीडीत बसल्या-बसल्या होणारी गोष्ट नव्हे. दर वेळी उपास, गुंगी आणि बिल. पॅकेज ठरवताना त्यात हे धरलंय का आणि किती वेळा, हे लेखी विचारून घ्या.

उपयोग किती? 2021 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतली या फुग्याची 288 जणांवरची चाचणी छापून आली. 32 आठवड्यांनी फुगा बसवलेल्यांचं वजन सरासरी 15 टक्के उतरलं होतं, नुसता आहार-व्यायाम करणाऱ्यांचं 3.3 टक्के. सगळे बोलतात ते पाणी वाढवण्याबद्दल. आमच्या मते खरी किंमत कमी करण्याची आहे. त्रास सोसवेना म्हणून ज्यांचं पाणी कमी केलं, त्यांच्यातल्या 75 टक्के लोकांनी पूर्ण मुदत काढली. साधा फुगा असेल तर अशा वेळी तो काढून टाकण्यावाचून फारसा इलाज नसतो. तरीही या चाचणीत 17 टक्के लोकांचा फुगा सहन न झाल्याने लवकर काढावा लागला, हेही विसरू नका.

पहिले तीन-चार दिवस जड जातात. शहाळ्याचं पाणी, पातळ ताक, वरणाचं पाणी घोट-घोट घेत राहा. पाणीही पोटात टिकत नसेल आणि लघवी कमी होत असेल तर घरी बसू नका, सलाइन लागेल. आठवडाभराने मऊ भात-वरण, मग हळूहळू भाकरी. आम्ल कमी करणारी गोळी फुगा असेपर्यंत रोज, एकही दिवस चुकवायची नाही. डोकेदुखीवर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नये. फुगा आधीच आतल्या अस्तराला घासत असतो, त्यात या गोळ्यांनी अल्सर होतो. पोटातून थेट पाठीत जाणारी जोराची कळ किंवा पोट अचानक टम्म फुगणं याला अपचन समजू नका. एकात स्वादुपिंडाला सूज असू शकते, दुसऱ्यात फुग्यात आपोआप हवा साठलेली असू शकते.

वजन अडलं की लगेच पाणी वाढवायला धावू नका, आधी ग्लासात काय आहे ते बघा. आमरस, मिल्कशेक, कोल्ड्रिंक फुग्याच्या कडेने खाली निघून जातात. त्यांना तो अडवू शकत नाही.

जठरावर आधी शस्त्रक्रिया झालेली असेल, मोठा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा गरोदरपण असेल, तर फुगा बसवू नये.

आणि फुगा काढायच्या आधी दोन-तीन दिवस फक्त द्रव पदार्थ, शेवटचे 12 तास काहीच नाही. फुगा असताना जठर सावकाश रिकामं होतं, परवाची पालेभाजीसुद्धा आत सापडते. ती गुंगीत फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून चोरून काही खाल्लं असेल तर टेबलावर जाण्याआधी भूलतज्ज्ञांना सांगा. फार तर तारीख पुढे जाईल.