तुम्ही विचारलंत म्हणून: बायका एवढ्या कामाला लागल्या, मग पगारातली तफावत का जात नाही?

हा प्रश्न दरवर्षी टी.वाय.च्या, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या, वर्गात कुणी ना कुणी विचारतंच. गेल्या आठवड्यात तो आमच्या मजल्यावरच्या निवृत्त काकांनी विचारला, लिफ्टची वाट बघता बघता. "मॅडम, समान वेतनाचा कायदा आहे, पेपरात काम करणाऱ्या बायकांचा टक्का वाढलेला दिसतो, तरी बायकांना पगार कमीच म्हणता. असं कसं?" तेवढ्यात लिफ्ट आली आणि माझं उत्तर अर्ध्यावर राहिलं.

टक्का वाढलाय हे खरं आहे. सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणात 2017-18 साली 15 वर्षांच्या पुढच्या बायकांपैकी 23.3 टक्के श्रमशक्तीत होत्या, म्हणजे एकतर काम करत होत्या किंवा काम शोधत होत्या. 2023-24 मध्ये हा आकडा 41.7 झाला. पुरुषांचा त्याच वर्षी 78.8 होता. सहा वर्षांत एवढी वाढ झाली, तर पगाराचं चित्रही बदलायला हवं, असं कुणालाही वाटेल.

पण हा टक्का माणसं मोजतो. हातात पैसे किती पडले हे त्यातून कळत नाही. सर्वेक्षणात प्रत्येकाला कामाचा एक कोड मिळतो. पगारी नोकरीला 31, स्वतःच्या धंद्याला 11, आणि घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी हात लावणाऱ्याला 21. हा 21 कोडही 'काम करते' मध्येच धरला जातो, आणि धरायलाच हवा, कारण ती राबतेच. फक्त तिच्या नावावर पगार नाही, त्यामुळे पगाराच्या तुलनेत ती कुठेच येत नाही. काम करणाऱ्या बायकांमध्ये स्वयंरोजगारातल्या, म्हणजे घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या धरून, 2017-18 मध्ये 51.9 टक्के होत्या. 2023-24 मध्ये 67.4 टक्के झाल्या. श्रमशक्तीतल्या टक्क्याची वाढ मुख्यतः गावाकडची आहे. 2023-24 मध्ये तिथे श्रमशक्तीतल्या बायकांचा टक्का 47.6, शहरात 28.0. नवी मुंबईतली ऐरोली काय, शेजारचं ठाणे काय, आपण या 28 च्या रकान्यातले.

विटाव्याला एक बाई खोट्या मोत्यांच्या माळा ओवतात. माल घरी येतो, पैसे डझनावर मिळतात. सर्वेक्षणाच्या व्याख्येत असं घरबसल्या उक्तं काम स्वयंरोजगारात मोडतं. पण सर्वेक्षणवाला दारात आला की पुष्कळदा उत्तर घरातला पुरुष देतो, आणि तो म्हणतो, "ती घरीच असते." मग कोड पडतो 92, फक्त घरकाम. माळा तशाच ओवल्या जात असतात, तेवढेच पैसे मिळत असतात, आणि एका वाक्यात बाई श्रमशक्तीच्या आत किंवा बाहेर जाते. वाढलेल्या टक्क्यातला काही भाग नीट खोदून विचारल्याचा असावा, असं माझं मत आहे.

आता पगाराकडे वळते. इथे मला फळा लागतो, पण लिहून बघते.

समजा एका इमारतीत पाच बायका आहेत. दोघींना महाप्यात कंपनीत महिना 80 हजारांची नोकरी मिळू शकते, तिघींना दुकानात किंवा छोट्या ऑफिसात 14 हजारांची. पाळणाघर, रिक्षा, वरकाम मिळून 10 हजार जातात. तिघी म्हणतात, "परवडत नाही, जाण्यायेण्यातच जातं," आणि घरी राहतात. त्याच इमारतीतले पाच पुरुष मात्र कामाला जातातच: दोघांना 90 हजार, तिघांना 18. पुरुषांची सरासरी झाली 46,800. काम करणाऱ्या बायकांची 80,000! कागदावर बायका पुढे. उद्या तळमजल्यावर स्वस्तातलं चांगलं पाळणाघर निघालं आणि त्या तिघी बाहेर पडल्या, तर बायकांची सरासरी 40,400 वर येईल आणि पेपरात छापून येईल की तफावत वाढली. वास्तविक त्या दिवशी तिघींच्या घरी पहिल्यांदा पगार आलेला असेल.

हे नुसतं फळ्यावरचं गणित नाही. अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांनी 1970 च्या दशकात हेच दाखवून दिलं: पगार फक्त कामावर आलेल्यांचा दिसतो, आणि कोण कामावर येतं हे मुळात पगारावरच ठरतं, म्हणून दिसणाऱ्या सरासरीवर भरवसा ठेवता येत नाही. न आलेल्यांचा हिशेब करायची रीतही त्यांनी दिली. 2000 साली त्यांना नोबेल मिळालं ते यासाठी. इटली, स्पेन, ग्रीस या देशांत पगारातली तफावत बरीच वर्षं कमी दिसायची. 2008 मध्ये ऑलिव्हेटी आणि पेट्रोंगोलो या दोन अर्थतज्ज्ञ बायकांनी तपासलं, तर कारण मोठ्या प्रमाणात हेच होतं: तिथे कमी पगाराच्या बायका कामावर आलेल्याच नव्हत्या.

म्हणून काका, "पगार किती?" याच्या आधी "कोण आलीच नाही?" हे विचारावं लागतं. टक्क्याचा आकडा आणि तफावतीचा आकडा शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय मी दोन्हींवर बोलत नाही.

तरीही खरी तफावत आहेच, आणि ती कुठे तयार होते ते मला पुस्तकाबाहेरूनही माहीत आहे. मुलगा झाला तेव्हा मी नोकरी सोडली. पाळणाघर सातला बंद व्हायचं आणि मी आठच्या आत घरी पोचत नसे. सहा वर्षांनी परत आले ती तासिका तत्त्वावर. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, मे महिन्यात काहीच नाही, खाडा झाला की तासाचे पैसे गेले. एम.ए.ला माझ्याबरोबर असलेला मित्र तोवर कायम होऊन वेतनवाढी घेत होता. तेच पाठ्यपुस्तक, तोच पेपर आम्ही दोघं शिकवत होतो. समान वेतनाचा कायदा आपल्याकडे 1976 पासून आहे. आता तो वेतन संहितेत आलाय. माझ्या बाबतीत तो कुणी मोडला नाही. कागदावर आमचं पदच वेगळं होतं. किती रात्री मी त्या सहा वर्षांचा हिशेब केलाय, आणि मूल सांभाळल्याचा पश्चात्ताप एकदाही झाला नाही. त्याची एवढी किंमत एकटीने का भरायची, हा प्रश्न मात्र अजून जात नाही.

डेन्मार्कमध्ये पाळणाघरांची कमतरता नाही, सुट्ट्या भरपूर आहेत. तिथेही पहिलं मूल झाल्यावर बायकांची कमाई पुरुषांच्या तुलनेत दीर्घकाळ सुमारे 20 टक्क्यांनी खाली राहते, असं अर्थतज्ज्ञ क्लेव्हेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये दाखवलं. पुरुषांच्या कमाईत खळगा पडतच नाही.

क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि मला घरातलं कुणी जिंकल्यासारखा आनंद झाला. त्या म्हणतात, काही नोकऱ्या हावऱ्या असतात. रात्री अकराचा फोन उचलणाऱ्याला, रविवारी हजर राहणाऱ्याला तासामागे जास्त पैसे देतात. ऐरोलीच्या आयटी पार्कांत हे रोज दिसतं. नवराबायको दोघंही इंजिनिअर. पण मुलाला ताप आला तर घरी पळू शकेल असं एक माणूस लागतंच, मग एक जण अमेरिकेचे कॉल घेतो आणि दुसरी साडेपाचला निघता येईल अशी टीम मागून घेते. पाच वर्षांत पगार लांब लांब गेलेले असतात. उलट उदाहरणही गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी दिलंय, अमेरिकेतल्या फार्मासिस्टांचं. एकाच्या जागी दुसरा सहज उभा राहू शकतो, पैसे तासाच्या हिशेबाने मिळतात, त्यामुळे कमी तास करणाऱ्याला वेगळा दंड बसत नाही आणि तफावत फार थोडी उरते. कामाची आखणी बदलली की पगार बदलतो, हे मला सगळ्यात आशेचं वाटतं.

त्या साडेपाचच्या टीममधल्या मुलीकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई दिघ्याला राहतात. जानेवारी 2024 मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झालं तेव्हा त्यांनी घणसोलीत आणखी एक घर धरलं. ठाण्याला किंवा ऐरोलीला जाऊन गाडी पकडायची यातायात वाचली, म्हणून ते परवडलं. पण त्या बाहेर असताना धाकट्याला बघायला थोरली घरी थांबते. बारावी झालेली मुलगी. तिचा कोड 92. एका बाईच्या पगाराला दुसरीचा हात, तिला तिसरीचं घरी थांबणं. ही साखळी कुठल्याच तफावतीत मोजली जात नाही.

2024 च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी 289 मिनिटं निघाली, घरकाम करणाऱ्या पुरुषांची 88. आणि ही 88 ज्यांनी केलंच त्या पुरुषांची. ज्यांनी हात लावला नाही ते या सरासरीत नाहीत.

मी आता टी.वाय.च्या प्रकल्पात घरी असणाऱ्या बायकांना एक प्रश्न विचारायला लावते: किती मिळाले तर बाहेर पडाल? यंदा कळव्याला गेलेली एक विद्यार्थिनी अडून परत आली. एका बाईंनी सांगितलं होतं, "शाळेच्या वेळात, साडेबारा ते साडेपाच असेल तर आठ हजारांतही येईन. त्यापुढे थांबायचं असेल तर वीसमध्येही नाही." मुलगी विचारत होती, मॅडम, यातली रक्कम कुठली लिहू? मी म्हटलं दोन्ही लिही, आणि शेजारी वेळेचा रकाना आख. बाकीच्या अकरा फॉर्मांवर तो नव्हता, म्हणून ती परत कळव्याला गेली.