कर्नेल ६.१२ साठी झेडएफएसची कोणती आवृत्ती? घरच्या सर्व्हरची प्रगती-नोंद

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा बडोद्याच्या आमच्या घरातला सर्व्हर मी खबरदारी म्हणून तळमजल्यावरून माडीवर नेला आणि तो तिथेच राहिला. वडिलांनी ध्वनिमुद्रित केलेल्या घरगुती बैठकींच्या कॅसेटींच्या डिजिटल प्रती आणि घरातली छायाचित्रे अशी सुमारे १.९ टेराबाइट सामग्री त्यावर आहे. चार-चार टेराबाइटच्या दोन डिस्कांचा झेडएफएस (फाइली साठवण्याची प्रणाली) मिरर, म्हणजे दोन्ही डिस्कांवर तीच सामग्री, डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि तिचे ६.१ कर्नेल (प्रणालीचा गाभा) ही जोडी कुरकुर न करता चालत होती. मग मदरबोर्ड गेला. नव्या बोर्डावर रिअलटेकची आरटीएल ८१२६ ही ५ गिगाबिटची नेटवर्क चिप निघाली, आणि कर्नेलमधल्या आर ८१६९ ड्रायव्हरला ती ओळखता येते ती ६.९ पासून.

येथे मी जी चूक केली ती लिहून ठेवतो. बॅकपोर्ट्समधून, म्हणजे जुन्या डेबियनसाठी नव्या आवृत्त्या देणाऱ्या संग्रहातून, मी फक्त कर्नेल ६.१२ घेतले, झेडएफएस मात्र डेबियन १२ चेच, म्हणजे २.१.११, राहू दिले. डीकेएमएसने (बाहेरची मॉड्यूल कर्नेलनुसार बांधणारे साधन) नव्या कर्नेलसाठी झेडएफएसचे मॉड्यूल, म्हणजे कर्नेलला जोडला जाणारा भाग, बांधायचा प्रयत्न केला, तो फसला, आणि त्याचा इशारा इन्स्टॉलेशनच्या भराभर सरकणाऱ्या ओळींत मी पाहिलाच नाही. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर नेटवर्क उत्तम चालले, पूल (झेडएफएसने दोन्ही डिस्का मिळून केलेला साठा) मात्र गायब. सामग्रीला धक्का लागलेला नव्हता, परंतु ते कळेपर्यंतची दहा मिनिटे बरी गेली नाहीत. ग्रबच्या, म्हणजे यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या, यादीतून जुने ६.१ निवडताच पूल परत आला, हीच काय ती शहाणपणाची गोष्ट: जुने कर्नेल मी काढून टाकले नव्हते.

असे का होते, हे नव्याने झेडएफएसकडे वळणाऱ्यांसाठी थोडे सविस्तर लिहितो. झेडएफएसचा परवाना सीडीडीएल असल्यामुळे ते जीपीएल परवान्याच्या लिनक्स कर्नेलमध्ये समाविष्ट होत नाही आणि बाहेरचे मॉड्यूल म्हणूनच जगते. कर्नेलची अंतर्गत फंक्शने बदलली, की कर्नेलच्या आतले ड्रायव्हर ती बदलणारी मंडळीच दुरुस्त करतात. बाहेरच्या मॉड्यूलला स्वतःच धावावे लागते. २०१९ मध्ये लिनक्स ५.० ने प्रोसेसरच्या गणितीय रजिस्टरांशी संबंधित एक फंक्शन बाहेरच्या मॉड्यूलांसाठी बंद केले, तेव्हा झेडएफएसच्या चेकसमचा (सामग्री बिघडली का हे ताडणाऱ्या हिशेबाचा) वेगवान मार्गच काही काळ अडला होता. म्हणूनच ओपनझेडएफएसच्या प्रत्येक आवृत्तीच्या मूळ संचात ‘मेटा’ नावाची छोटी फाइल असते आणि तीत कर्नेलची किमान व कमाल मर्यादा दिलेली असते. २.१.११ ची कमाल मर्यादा ६.२ आहे. ही एक ओळ आधी वाचली असती तर वरचा परिच्छेद लिहावा लागला नसता.

त्यानंतर पर्याय तपासले. बीटीआरएफएस ही दुसरी फाइल प्रणाली २००९ पासून कर्नेलमध्येच आहे, त्यामुळे जुळणीचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु सगळी सामग्री हलवायला तिसरी मोठी डिस्क हवी आणि स्नॅपशॉटांचा (त्या-त्या वेळच्या जपलेल्या स्थितींचा) जुना इतिहासही जाणार, म्हणून तो विचार सोडला. सर्वांत नवे कर्नेल आणि सर्वांत नवे झेडएफएस ही जोडी मोहक असली तरी सामग्रीच्या यंत्रावर मला ती नको. २.२.० मध्ये, नोव्हेंबर २०२३ च्या सुमारास, फाइलींत शून्यांचे तुकडे घुसण्याचा दोष उघड झाला. संशय आधी नव्या ब्लॉक क्लोनिंगवर (प्रत काढताना मूळ सामग्रीच वाटून घेण्याच्या सोयीवर) गेला. प्रत्यक्षात मूळ दोष बराच जुना निघाला आणि २.२.२ बरोबरच जुन्या शाखेतही २.१.१४ मध्ये दुरुस्ती करावी लागली. तेव्हा ‘शून्य’ क्रमांकाची आवृत्ती टाळावी हे खरे, पण निव्वळ जुनी आहे म्हणून एखादी आवृत्ती निर्धोक मानणेही चूकच.

अखेर डेबियन १३ घ्यायचे ठरले. त्यात कर्नेल ६.१२ हे दीर्घकालीन देखभालीचे आहे, झेडएफएस २.३.२ आहे, आणि या आवृत्तीची कमाल मर्यादा ६.१४ असल्याने थोडी मोकळी जागाही राहते. २.३ मधली रेडझेड (मिररखेरीज डिस्का जोडण्याची दुसरी पद्धत) वाढवण्याची बहुचर्चित सोय मिररवाल्या माझ्या काही कामाची नाही, हा भाग वेगळा.

आधी आभासी यंत्रावर, साध्या फाइलींनाच डिस्क मानून, छोटा पूल बांधून पाहिला. मग खऱ्या यंत्रावर पूल एक्सपोर्ट केला (यंत्रापासून सोडवला), प्रणाली बदलली, कर्नेलचे हेडर (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली) आले आहेत आणि डीकेएमएसच्या स्थितीत ६.१२ पुढे ‘इन्स्टॉल्ड’ लिहिले आहे हे दोनदा पाहिले, आणि पूल पहिल्यांदा केवळ वाचनासाठी इम्पोर्ट केला (पुन्हा जोडला). चार-पाच कॅसेटी ऐकल्या. तबल्यामागचा पंख्याचा आवाजसुद्धा जागेवर होता. त्यानंतरच लेखनासह इम्पोर्ट करून स्क्रब, म्हणजे सगळी सामग्री वाचून पडताळण्याचा फेरा, लावला. साडेतीन तासांत तो शून्य त्रुटींसह संपला.

नवी वैशिष्ट्ये सुरू करण्यासाठी ‘झेडपूल अपग्रेड’ करता येईल, असे झेडपूलची स्थिती विचारताच आता दर वेळी सांगितले जाते. ती आज्ञा मी अजून दिलेली नाही, कारण ती मागे घेता येत नाही आणि वैशिष्ट्ये वापरात आल्यावर माझ्या जुन्या बचाव पेनड्राइव्हवरच्या २.१.११ ला हा पूल उघडता येईलच असे नाही. आधी नवा पेनड्राइव्ह तयार करतो. तोवर ती सूचना दिसत राहिली तरी चालेल.