ओएम-१ : पहिला रोल धुवून झाला

ऑलिंपस ओएम-१ हा जुना फिल्म कॅमेरा हाती आला आणि त्यातला पहिला रोल धुवून, वाळवूनही झाला. निकाल आधीच सांगून टाकतो: लेन्स उत्तम, उजेड मोजणारा मीटर भरवशाचा (थोडी खटपट केल्यावर), आणि १/१००० सेकंदाचा शटर स्पीड सध्या नाहीच असं समजायचं.

हा कॅमेरा १९७२ मध्ये एम-१ या नावाने आला. लायकावाल्या लाइत्झ कंपनीने नावाला हरकत घेतली, म्हणून तो ओएम-१ झाला. ऑलिंपसचे डिझायनर योशिहिसा माइतानींनी त्या काळच्या अवजड एसएलआरना (लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांना) पर्याय म्हणून तो घडवला, हे सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र आकारापेक्षा शटर स्पीडच्या रिंगचा मोह पडला. ती वरच्या डायलवर नाही, लेन्सच्या मुळाशी आहे. पुढे ॲपर्चर (उजेड आत सोडणारं लेन्सचं छिद्र), मध्ये फोकस, मागे स्पीड; डोळा व्ह्यूफाइंडरवरून न हलवता डावा हात सगळं सांभाळतो. शिवाय शटर पूर्ण मेकॅनिकल. बॅटरी संपली तर फक्त मीटर बंद पडतो.

विकणाऱ्याने 'सगळं चालू आहे' असं सांगितलं होतं. जुन्या कॅमेऱ्याच्या बाबतीत याचा अर्थ 'बटण दाबलं की आवाज येतो' एवढाच घ्यावा. मी आधी प्रिझम, म्हणजे व्ह्यूफाइंडरपर्यंत चित्र पोचवणारी काच, पाहिला. ओएम-१ मध्ये प्रिझमजवळचा फोम वर्षानुवर्षांत चिकट होऊन विरघळतो आणि प्रिझमवरचा चांदीचा मुलामा खातो. मग व्ह्यूफाइंडरमध्ये काळपट डाग दिसतात. माझ्याकडच्या नगात खालच्या कडेला एक बारीक डाग आहे. फोटोवर त्याचा काही परिणाम होत नाही, म्हणून चालवून घेतला. ५० एमएम एफ/१.८ झुइको लेन्समधून टॉर्चचा तिरका उजेड टाकून पाहिला: धुळीचे चार कण, बुरशीचे धागे नाहीत, ॲपर्चरच्या पात्यांवर तेल नाही. धुळीला घाबरू नका, बुरशीला घाबरा.

मागच्या दाराच्या खाचेतला फोम डांबरासारखा झाला होता. लाकडी काडीला स्पिरिट लावून तो इंच-इंच खरवडला. तुकडे शटरच्या कापडी पडद्यावर पडू नयेत म्हणून कॅमेरा उलटा धरून काम केलं. कंटाळवाणं आहे, पण हे टाळलं तर निगेटिव्हवर उजेडाचे पट्टे उमटू शकतात.

आता मीटर. तो १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीसाठी बनवलेला, आणि त्या बॅटऱ्या आता मिळत नाहीत. त्याच मापाची अल्कलाइन बसते, पण ती १.५ व्होल्ट देते. सुई जास्त वर चढते, मीटरला उजेड आहे त्याहून अधिक वाटतो आणि फिल्म अंडर जाते, म्हणजे तिला उजेड कमी पडतो. डिजिटल कॅमेऱ्याशी ताडून पाहिलं तर फरक दीड स्टॉपच्या आसपास होता (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). श्रवणयंत्राची ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी सुमारे १.४ व्होल्टची. ती व्यासाने लहान, म्हणून भोवती रबरी रिंग घातली. आता फरक अर्ध्या स्टॉपच्या आत आहे. स्टिकर काढला की ही बॅटरी हवेवर चालू होते आणि वापरा न वापरा, काही आठवड्यांत उतरते, म्हणून जास्तीची जवळ असावी. आणखी एक गोष्ट: मीटरचे सेल आयपीसच्या दोन्ही बाजूंना आहेत. मी चष्मा लावतो, त्यामुळे मागून उजेड शिरतो. आयपीसवर हाताचा आडोसा केला की सुई सरळ खाली येते. ऊन पाठीशी असेल तर हे करायलाच हवं.

शटर तपासायला फोनवर आवाज रेकॉर्ड केला. एक सेकंदाचा स्पीड ऐकू येईल इतका लांबलेला होता. काही वेळा रिकामं शटर मारल्यावर सुधारला, बहुधा वंगण आळसावलं होतं. वरच्या स्पीडची परीक्षा मात्र फिल्मवरच. एचपी५ प्लस ही आयएसओ ४०० ची (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील ते) ब्लॅक-अँड-व्हाइट फिल्म भरली, ढगाळ दिवशी एकसारखी भिंत धरली आणि एफ/४ ला १/१०००, एफ/५.६ ला १/५००, असं करत एफ/१६ ला १/६० पर्यंत आलो. एफचा आकडा वाढला की छिद्र लहान होतं, पण वेळ तितकाच वाढतो; म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड सारखाच, तेव्हा निगेटिव्हही सारख्या हव्यात.

फिल्म धुण्याचं रसायन डी-७६, पाण्यात एकास एक, २० अंशांवर १३ मिनिटं. लाइट टेबलवर पट्टी ठेवल्याबरोबर चोर सापडला. चार फ्रेम सारख्या, १/१००० ची मात्र एका कडेकडे पातळ होत गेलेली. शटरच्या दोन पडद्यांमधली फट धावता धावता अरुंद होते आहे, म्हणजे पडद्यांचा वेग जुळत नाही. स्प्रिंगचा ताण घरी छेडायची माझी हिंमत नाही. ते काम जाणकाराकडेच देणार.

उरलेल्या रोलवर माणसं, झाडं, जिने असं काहीबाही घेतलं. एफ/४ ला झुइको कडेपर्यंत सुरेख आहे. पूर्ण उघडी असताना कडा जरा मऊ पडतात, पोर्ट्रेटला ते उलट बरं वाटतं.

दुरुस्ती होईपर्यंत मर्यादा १/५००. आयएसओ ४०० ला कडक उन्हात म्हणजे एफ/१६, पार्श्वभूमी धूसर करणं विसराच. म्हणून पुढच्या रोलला आयएसओ १०० ची फिल्म आणि पिवळा फिल्टर. फिल्टर साधारण एक स्टॉप खातो, त्यामुळे त्याच उन्हात एफ/५.६ पर्यंत उतरता येईल, आणि निळं आभाळही थोडं गडद होईल.