जिंक्स

आज मॅच बघताना भाच्यानं मला दोनदा गप्प केलं. ‘आता जिंकतोय आपण’ एवढंच म्हणाले, तर लगेच, ‘मावशी, जिंक्स करू नकोस ना!’ आमची आई शेजारूनच म्हणाली, ‘बरोबर आहे त्याचं, नाट लावू नये.’ नातू आणि आजीचं इतकं एकमत एरवी जेवणाच्या ताटावरही होत नाही.

मग बसल्या बसल्या फोनवर शोधलं. 1910च्या आसपास हा शब्द अमेरिकेत बेसबॉलवाल्यांच्या तोंडी रुळला. पण मूळ बहुधा एका पक्ष्याच्या नावात आहे: जिंक्स टॉर्क्विला. सुतारपक्ष्याचा भाऊबंद, चिमणीहून जरा मोठा, रंग वाळक्या सालीचा. हातात धरला तर मान पार उलटी वळवतो आणि सापासारखा फुसफुसतो! प्राचीन ग्रीसमध्ये त्याला चाकाला बांधून वशीकरण करायचे म्हणे. बिचारा. हिवाळ्यात तो आपल्याकडेही येतो.

क्रिकेटमध्ये 111 हा आकडा अपशकुनी मानतात, म्हणून इंग्लंडचे अंपायर डेव्हिड शेफर्ड तर तेवढ्या धावा झाल्या की मैदानातच एक पाय उचलायचे. आणि लोक त्यावर टाळ्या वाजवायचे.

आपल्याकडे ‘पांढऱ्या पायाची’ म्हणतात ते मात्र मला कधीच गमतीचं वाटलं नाही. जिंक्सचा ठपका मॅच संपेपर्यंत. हा ठपका नव्या सुनेला जन्मभर पुरतो, आणि नवऱ्याचा धंदा बुडाला तरी हिशेब तिच्याच पायांचा.

हे आईला ऐकवलं. ती म्हणाली, ‘खरंय. पण तू आत्ता स्कोअर बोलू नकोस.’